स्वखुशीची साक्ष

उमरखेडीच्या अब्दुल गनीवर चोरीचा आळ आला तो एका हातगाडीपायी, आणि ती हातगाडी त्याने दुसऱ्याला दिली होती ती निव्वळ भिडेपायी. नाही म्हणायची अक्कल अल्लाने या माणसाला दिलीच नाही, असं त्याची बायको बिस्मिल्ला उठता-बसता म्हणायची. बाकी अक्कल मात्र गरजेपेक्षा जास्त दिली, हेही ती तितक्याच रागाने म्हणायची. तिच्या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

गनी मापारी होता. धामणगाव बढ्याहून मलकापूरकडे जाताना लागणारं त्याचं गाव सगळं कापसाचं. वेचणी सुरू झाली की लोखंडी काटा आणि वजनं हातगाडीवर टाकायची आणि या शेतातून त्या शेतात फिरायचं, हा त्याचा धंदा. वेचणाऱ्या बायांना मजुरी मिळते वजनावर. मालकाला वाटतं गठुडं हलकं भरावं, बाईला वाटतं जड भरावं, आणि दोघांच्या मधे जो काटा धरून उभा असतो त्याच्यावर दोघांचाही भरवसा लागतो. तो गनीच्या बापावर होता, मग गनीवर आला. पहिलं वजन टाकताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, ही रीतही त्याने बापाकडूनच उचलली होती. गनीने 'लाभ' म्हटलं की मालक गप्प बसायचा आणि बायाही गप्प बसायच्या.

ते साल बियाण्याच्या मारामारीचं होतं. बीटी येऊन इतकी वर्षं झाली होती की जुन्या वाणांची नावंही कुणाला आठवत नव्हती, आणि बीटीतही सगळ्यांना एकच वाण हवा होता, राजहंस. आदल्या हंगामात ज्यांनी तो लावला त्यांचं साधलं. बाकीच्यांची पानं लाल पडून पीक बसलं. मग काय, मृगाआधीच फाट्यावरच्या कृषी केंद्रापुढे रांग लागली. उन्हात उभं राहून माणसं शिणली, तेव्हा आपापल्या चपला रांगेत ठेवून सावलीला जाऊन बसली. दुकानदाराने अर्धं शटर उचलून 'माल आलाच नाही' म्हटलं आणि शटर पाडलं. चपला जागच्या जागी राहिल्या आणि माणसं अनवाणीच डांबरी रस्त्यावर जाऊन बसली. एसट्या अडल्या, ट्रक अडले, भोंग्यावरून भाषणं झाली. पाय पोळत असूनही लोकांनी रस्ता सोडला नाही.

सगळा गाव असा पुढे रस्त्यावर असताना दुकानाच्या मागच्या दाराने राजहंसच्या पेट्या गेल्या. 'माल आलाच नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराला आता माल चोरीला गेला म्हणून बोंब मारावी लागली. लोक आधी पोट धरून हसले आणि मग चिडले.

मागच्या दारापाशी पोलिसांना गनीची हातगाडी सापडली. गनी म्हणाला, गाडी सकाळीच हिंमतरावांनी नेली, भोंगा आणि बॅटरी वाहायला. हिंमतराव म्हणजे माजी सरपंच, पांढरी जीप, ठाण्यात गेले की बसायला खुर्ची. पोलिसांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी त्या दिवशी बुलढाण्यात बैठकीला होतो. बैठकीतल्या दोन भल्या माणसांनी तसं लिहूनही दिलं. झालं. कोर्टात चार्जशीट गेलं त्यात आरोपी एकच, अब्दुल गनी. हिंमतरावांचं नाव 'पुरावा नाही म्हणून आरोपी केलेलं नाही' अशांच्या रकान्यात. त्याच खरिपात हिंमतरावांच्या सगळ्या शिवारात राजहंस डोलत होता, पण कपाशीचं झाड स्वतःचं नाव सांगत नाही, आणि त्या दिवशी त्यांना फाट्यावर अख्ख्या गावाने पाहिलं असलं तरी ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

गनी जामिनावर सुटून घरी आला. त्याला तोंडावर कुणी चोर म्हटलं नाही. सगळे गनीभाईच म्हणत होते. फक्त वेचणी लागली तेव्हा शेतोशेती दुसराच कुणी काटा घेऊन उभा होता. पुढच्या वेचणीलाही तेच. गनी ओट्यावर बसून रस्त्याने जाणारी गठुडी बघत राहायचा आणि त्याला भडभडून यायचं.

"जेलात टाकलं तरी चालन," तो बिस्मिल्लाला म्हणाला, "पण कोनी मोजाले बलावलं नाई अन् तसाच मेलो, तं वर अब्बाले तोंड काय दाखवू?"

"तं मग हिंमतरावले गाडी देतानी जीभ कुठी ठेवली होती?" बिस्मिल्ला म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्याला जेवताना दुसऱ्यांदा वाढलं, म्हणजे तिलाही ते लागलं होतं.

गनीची वकील पुष्पांजली नावाची एक तरणी पोर होती. रोज बुलढाण्याहून एसटीने तालुक्याच्या कोर्टात यायची, आणि घाटात गाडी लागू नये म्हणून तोंडात लवंग धरायची. चार्जशीट आलं त्याच दिवशी ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली होती, की हिंमतरावांनाही समन्स काढा. न्यायाधीश कोकणातले, हळू बोलणारे. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. साक्षीदार अडखळला की ते फक्त 'पुढं?' म्हणायचे आणि पेन धरून थांबायचे.

"वकील, पोलिसांनी ज्याला सोडलं त्याला मला बोलावता येतं," ते म्हणाले होते. "पोलीस माझ्यापुढे गुन्हा आणतात. तो कुणी केला, हे त्यांच्या बोटाला धरून ठरवायचं बंधन माझ्यावर नाही. पण बोलवायला काहीतरी हातात हवं. आज तुमच्या आरोपीचा शब्द आहे आणि समोर बुलढाण्याचे दोन शब्द आहेत."

पुढे खटला उभा राहिला. मागच्या दारासमोर जिचं चहाचं दुकान होतं ती मंजुळाबाई साक्षीला आली. तिने सांगितलं, पेट्या गाडीवर लादून पांढऱ्या जीपमधे टाकल्या आणि हिंमतराव शेजारी उभे होते. सरकारी वकिलाने तिला चष्म्याचा नंबर विचारला. तिला चष्मा नव्हता, आणि ते वय चष्म्याचं होतं. पुष्पांजलीने पुन्हा अर्ज दिला.

"आता पहिल्यापेक्षा जास्त आहे," न्यायाधीश म्हणाले, "पण पुरेसं नाही. खटल्याच्या मधे नवा आरोपी उभा करायचा तर पुरावा भक्कम लागतो. नुसता संशय आला म्हणून मी कुणाला पिंजऱ्यात ओढत नाही. अर्ज राहू दे. फेटाळलेला नाही."

बाहेर आल्यावर पुष्पांजलीने गनीला ते फोडून सांगितलं. हिंमतराव त्या दिवशी गावात होते, एवढं जर कुणी खात्रीचा माणूस येऊन सांगेल तर साहेब हिंमतरावांना सोडणार नाहीत.

"खात्रीचा म्हंजे कोन?" गनीने विचारलं.

"ज्याच्यावर सरकारी वकीलही शंका घेणार नाही असा."

गनी एसटीत बसून घरी येईपर्यंत याचाच विचार करत होता. असा माणूस अख्ख्या तालुक्यात त्याला एकच सुचला, आणि तो स्वतः हिंमतराव होता. त्याला एकट्यालाच हसू आलं. शेजारची बाई सरकून बसली.

आता इथे आमच्या भागाची एक रीत सांगायला हवी. जिल्हा परिषदेची निवडणूक आली की तिकीट मागणाऱ्याला पक्षाचे लोक पहिलं विचारतात, आंदोलनाच्या केसेस किती? शिक्षण कुणी विचारत नाही. रास्ता रोको, ठिय्या, कार्यालयाला कुलूप, असं काही नावावर असलं तर माणूस तालेवार. ज्याच्यावर एकही केस नाही त्याच्याकडे, लग्नाला आलेल्या पण आहेर न आणलेल्या पाहुण्यासारखं बघतात. त्या हिवाळ्यात निवडणूक तोंडावर होती. उमरखेडीच्या गटातून तिकिटाला दोघं उभे होते, एक हिंमतराव आणि दुसरे रामराव. दोघांच्या नावावर मिळून एकही केस नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गनी मंजुळाबाईच्या दुकानावर गेला. बाकावर रामराव चार-सहा माणसांत बसून बशीत चहा ओतत होते. गनी लांब उभा राहिला आणि आदबीने म्हणाला,

"रामरावजी, एक गोठ इचारू काय? राजहंसच्या रास्ता रोकोले भोंगा कोनं आणला होता? कोनी म्हणते तुमीच आणला म्हणून."

कुणीही तसं म्हणत नव्हतं. रामराव त्या दिवशी गर्दीच्या शेवटी, लिंबाखाली बसून होते, आणि पोलीस आल्यावर सगळ्यांत आधी उठले होते. त्यांनी गनीकडे पाहिलं, मग बशीकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. एवढ्या लोकांदेखत चालून आलेला मान परत पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आता सोताच्या तोंडानं काय सांगू?" ते म्हणाले. "तुले मालूम हाय, तं झालं."

मंजुळाबाईने किटलीमागून गनीकडे असं पाहिलं की चष्म्याची गरज तिला मुळीच नाही हे त्याला कळलं.

आठ दिवसांत फाट्यावर रामरावांचा फ्लेक्स लागला. 'राजहंस आंदोलनाचे प्रणेते', हातात भोंगा. भोंगा कुठल्यातरी लग्नातला होता. रामरावांची माणसं गावोगाव सांगत फिरू लागली, की भोंगा त्यांचा, हातगाडी त्यांनीच ढकलत नेली, रस्त्यावर पहिले बसले तेच. कुणी हिंमतरावांचं नाव काढलं की ते हसायचे. हिंमतराव तर त्या दिवशी बुलढाण्यात गादीवर बसून चिवडा खात होते, कोर्टाच्या कागदात पोलिसांनीच लिहिलंय.

ज्या कागदाने हिंमतरावांना वाचवलं होतं तोच आता त्यांना चावू लागला. खरं तर त्या दिवशी रस्त्यावर पहिले तेच बसले होते. भोंगाही त्यांचाच, भाषणंही त्यांचीच. आंदोलन त्यांनी मनापासून केलं होतं आणि चोरीही मनापासून केली होती, आणि आता चोरी लपवायची तर आंदोलन रामरावांच्या घरी जात होतं. ज्याने आयुष्यात फुकटचा सत्कार सोडला नाही त्याला हे सोसवेना.

एका दुपारी पांढरी जीप गनीच्या दाराशी थांबली. हिंमतराव उतरले ते थेट खाटेवर येऊन बसले.

"गनी, तुह्या केसचं काय चालू हाय बे?"

"काय चालते भाऊ. पोलिसाइचे साक्षीदार झाले. आता साहेब म्हणते, तुमच्याकडून कोनी साक्षीदार असन तं आणा."

"मंग मले ने."

गनीने चेहरा काट्यासमोर उभं राहिल्यासारखा कोरा ठेवला. "तुमाले कसं नेऊ भाऊ? तुमी तं बुलढान्यात होते."

"ते पोलिसाचं लिहेल हाय," हिंमतराव वैतागून म्हणाले. "म्या सांगतो कोर्टात, का रास्ता रोको म्या केला. कोर्टाच्या कागदावर आलं पाह्यजे ते. नक्कल काढून त्या रामरावच्या फ्लेक्सवरच चिटकवतो."

"पण साहेबानं उलटं तुमालेच धरलं तं?" गनीने विचारलं. हे विचारायला नको होतं, पण इथेही त्याची भीड आडवी आली.

हिंमतराव मोठ्याने हसले. "अबे, पोलिसानं सोडलं तो सुटला. चार्जशीट एकडाव गेलं म्हंजे गेलं. त्यात आता जज बी नाव टाकू शकत नाई अन् जजचा बाप बी. अन् म्या काय पेट्याइची गोठ काढून राह्यलो? म्या फक्त आंदोलनाचं सांगतो. चोरीचं तुहं तू पाय."

आतून बिस्मिल्ला चहा घेऊन आली. तिने पदर सावरला आणि कप पुढे करत अगदी गरिबासारखं म्हटलं, "भाऊ, रामरावजीची माणसं तं म्हणत होती, आमची गाडी बी तेच ढकलत घेऊन गेले. दिवसभर त्यायच्याच हातात होती म्हणे."

हिंमतरावांनी कप खाली ठेवला. "कोन म्हणते? गाडी मह्याच ताब्यात होती, पहिल्यापासून शेवटलोक."

"आमाले काय मालूम भाऊ," बिस्मिल्ला म्हणाली. "कोर्टात जो सांगन त्याचं खरं."

जीप गेल्यावर गनी बायकोकडे बघत राहिला. इतकी वर्षं संसार केला, पण हा गुण त्याला आज दिसला.

त्याने सगळं पुष्पांजलीला जाऊन सांगितलं, चहाच्या दुकानापासून. तिने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"गनीभाई, चहाच्या दुकानातलं मी ऐकलेलं नाही," ती म्हणाली. "ते स्वतः येऊन खरं बोलणार असतील तर मी नाव देते. त्यांना काय बोलायचं हे तुम्ही शिकवायचं नाही, मीही शिकवणार नाही."

"त्यायले शिकवा लागत नाई," गनी म्हणाला.

तारखेच्या दिवशी हिंमतराव कडक इस्त्रीत आले. बरोबर दोन जीप भरून माणसं, आणि पिशवीत हार. कोर्टाबाहेरच्या चिंचेखाली सगळी मंडळी थांबली. गनी आपल्या ठरलेल्या बाकावर कोपऱ्यात बसला. हा माणूस ऐनवेळी शहाणा झाला तर आपलं आयुष्य असंच ओट्यावर जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

हिंमतरावांनी शपथ घेतली. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हिंमतराव, आधी एक ऐका. ज्या उत्तराने तुमच्यावरच बालंट येईल असं उत्तर द्यायची सक्ती तुमच्यावर होत असेल, तर तसं सांगा. कायद्याचं संरक्षण आहे तुम्हाला. एखाद्या प्रश्नाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा."

"साहेब, सक्ती कोन करते मले? म्या स्वखुशीनं आलो."

न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले. आपल्याकडे साक्ष अशीच लिहितात. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो, आणि न्यायाधीश ते त्याच्याच तोंडचं करून शुद्ध भाषेत सांगत जातात. "लिहा. मी आजची साक्ष कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने देत आहे. पुढं?"

पुष्पांजलीने एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी आपण कुठे होतात?

"कुठी म्हंजे? फाट्यावर. सकायपासून. बुलढान्याचं ते सगळं झूट हाय. लोकं सावलीत बसले होते, म्या म्हटलं, उठा बे, असे बसून बियाणं भेटत नाई. अन् म्या सोता जाऊन बसलो डांबरावर."

"लिहा," न्यायाधीश म्हणाले. "घटनेच्या दिवशी मी सकाळपासून फाट्यावर हजर होतो. मी बुलढाण्यात होतो हे म्हणणे खरे नाही. शेतकरी बांधव हताश होऊन बसले असता मी त्यांना उठवले व तापलेल्या रस्त्यावर सर्वप्रथम मी स्वतः बसलो. पुढं?"

हिंमतरावांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. इतकं भारदस्त त्यांच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं, फ्लेक्सवालाही नाही. सर्वप्रथम मी स्वतः. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"पुढं म्हंजे, भाषण केलं. भोंग्यावर. भोंगा महाच होता. रामरावचा नाई. हे लिहा साहेब."

"वापरलेला भोंगा माझ्या मालकीचा होता. पुढं?"

"रामरावचा नाई, हे राह्यलं."

"तो रामराव यांचा नव्हता," न्यायाधीशांनी शांतपणे तेही घातलं. "भोंगा रस्त्यापर्यंत कसा नेला?"

"हातगाडीवर. या गनीची गाडी. म्या सोता त्याच्या घरी जाऊन मागून आणली."

सरकारी वकिलाने कागदातून मान वर काढली. पुष्पांजली खाली बघत होती.

"लिहा. आरोपीची हातगाडी मी त्याच दिवशी सकाळी त्याच्या घरून स्वतः मागून आणली. पुढं ती कुणाच्या ताब्यात होती?"

"मह्या. दुसऱ्या कोनाच्या? लोकं म्हणते रामरावनं ढकलली. रामराव तं लिंबाखाली बसेल होता. गाडी पहिल्यापासून शेवटलोक मह्या ताब्यात होती. मह्या माणसाइशिवाय कोनी तिले हात नाई लावला. या गनीले तं म्या जवळ बी येऊ नाई देलं, तो आला होता गाडी मांगाले, म्या म्हटलं, संध्याकाळी नेजो."

न्यायाधीशांनी तेही सांगितलं, एकेक वाक्य, हळू. हिंमतराव मान डोलवत ऐकत होते. गाडी अखेरपर्यंत माझ्या व माझ्या माणसांच्याच ताब्यात होती. आरोपीस मी ती परत दिली नाही. टंकलेखकाची बोटं थांबली.

"जीप होती बरोबर?" न्यायाधीशांनी विचारलं. "या प्रश्नाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी मघाशी सांगितलं आहे."

"नाई काऊन म्हणू? पांढरी जीप अख्खा तालुका ओयखते. दुकानाच्या मांगं सावलीत उभी होती."

सरकारी वकिलाने डोक्याला हात लावला. उलटतपासात त्याने एकच प्रश्न विचारला, आपण हे सगळं पोलिसांना का सांगितलं नाही. हिंमतराव म्हणाले, तवा निवडणूक नव्हती. तेही लिहिलं गेलं. मग साक्ष वाचून दाखवली. हिंमतरावांनी 'सर्वप्रथम मी स्वतः' पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि ऐटीत सही ठोकली.

ते पिंजऱ्यातून उतरत होते तेव्हा न्यायाधीश म्हणाले, "थांबा."

त्यांनी पुष्पांजलीचा पडून राहिलेला अर्ज पुढे ओढला. "मंजुळाबाईंनी हातगाडीवरून जीपमध्ये पेट्या जाताना पाहिल्या. तेव्हा हे बुलढाण्यात होते असं कागदावर होतं म्हणून मी थांबलो होतो. आता हे स्वतः सांगतात की हे इथे होते, गाडी यांच्या ताब्यात होती आणि जीप मागच्या दाराला होती. कलम तीनशे एकोणीसप्रमाणे हिंमतराव यांना या खटल्यात आरोपी करण्यात येतं. त्यांचा खटला वेगळा, पहिल्यापासून चालेल, साक्षीदार पुन्हा येतील. हा आदेश आधी. अब्दुल गनीचा निकाल त्यानंतर, कारण एकदा तो लागून खटला संपला की मला यांना बोलावता येणार नाही."

हिंमतरावांच्या कानात 'आरोपी' एवढंच गेलं. त्यांना वाटलं, झालं, आली आंदोलनाची केस. त्यांनी न्यायाधीशांना हात जोडले. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाने ते पाहिलं आणि चिंचेकडे पळत सुटला, "साहेबानं भाऊले आरोपी केलं" म्हणत. हिंमतराव बाहेर आले तर गळ्यात पाच-सहा हार पडले. कुणीतरी घोषणा दिली. एकाने नारळही फोडला. सरकारी वकील काखेत फाइल घेऊन तिथून चालला होता. हिंमतरावांनी हारांतून मान काढून त्याला विचारलं, "साहेब, कलम कोन्तं लागलं? रास्ता रोकोचं ना?"

"चोरीचं," सरकारी वकील म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

घोषणा देणारा अर्ध्यात थांबला. हार काढावेत की राहू द्यावेत हे कुणाला सुचेना, आणि हिंमतराव तसेच हारांसकट जीपमधे बसले. गनीला हसावंसं फार वाटत होतं, पण त्याला रडूच फुटलं. पुष्पांजलीने त्याला पाण्याची बाटली दिली आणि एक लवंगही दिली.

पुढच्या तारखेला निकाल लागला. गनी निर्दोष. ज्या गाडीवरून त्याच्यावर आळ आला ती त्या वेळी त्याच्याकडे नव्हती, आणि हे एका साक्षीदाराने स्वखुशीने सांगितलं आहे, असं न्यायाधीशांनी त्यात लिहिलं होतं. तिकीट रामरावांना मिळालं. हिंमतरावांनी वरच्या कोर्टात जाऊन पाहिलं, पण तिथेही त्यांची सही त्यांच्याआधी पोचली होती.

निकाल लागला तरी गनीच्या दारी कुणी आलं नाही. दोन दिवस गेले, चार गेले. वेचणी भरात होती. गनीने काटा पुसून ओट्यावर ठेवला होता, आणि बिस्मिल्ला त्याच्याकडे बघायचं टाळत होती. कोर्टाचा कागद हाती होता, पण कागद घेऊन दारोदार कसं जायचं, आणि गेलं तरी काय म्हणायचं, हे त्याला कळत नव्हतं. आपण जिंकून हरलो असं त्याला वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी सकाळी एक बाई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावरून घट्ट पदर, चेहरा ओढलेला. ती विमलबाई होती, हिंमतरावांची बायको. ती या घरी कधी आलेली नव्हती. गनी उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि आपण केलं त्याला शिव्या काही फार नाहीत.

"गनीभाई," ती म्हणाली, "उद्या आमच्या वावरात वेचणी हाय. बाया येत नाई म्हणते. म्हणते, या वावरात वेचाचं असन तं मोजाले गनीभाई पाह्यजे. दुसऱ्याचा काटा चालत नाई म्हणते."

गनीने ओट्यावरचा काटा उचलून हातात घेतला. दारातून बिस्मिल्लाने विचारलं, "अन् भाऊ काय म्हणते?"

"त्यायले कोन इचारते?" विमलबाई म्हणाली. "उद्या त्यायची तारीख हाय."